भिवाच्या कातळावर आवडाबाई

बाळकुमच्या आवडाबाईच्या डोक्यात डोंगर शिरला तो नवऱ्याच्या, भिवाच्या, वर्षश्राद्धाच्या पंगतीत, आणि तो शिरवला काळुरामने. हा काळुराम मिठागरावर मुकादम, नात्याने भिवाचा चुलतभाऊ, म्हणून पहिल्या पानावर बसलेला. माणसाने अशा दिवशी गुमान जेवावं की नाही? पण जिभेला हाड असेल तर ना! दुसरा भात वाढून होतो न होतो तोच सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, "भिवा मानूस सोन्यासारका, पन थापा मारायला पट्टीचा! म्हनं येऊरच्या धारेवरून दर्या दिसतो. म्हनं तिथं बसून खाली बगितलं नि बायको पसंत केली! अरे, मागनी घालायला मी सोता गेलेलो. मागनी शकूची होती, हिच्या थोरल्या भैनीची. ती कल्यानला दिलेली निघाली, म्हनून धाकटी पदरात घेतली. रिकाम्या हातानं कोन परत येतो?"

पंगत खो खो हसली. आवडाबाईही हसली. भाताचं पातेलं घेऊन पुढच्या पानाकडे वळली, आणि तिथे मात्र तिचा हात थांबला. पानावरचा माणूस "वाढ ना गो" म्हणतोय आणि बाई आपली पातेलं धरून उभी.

कारण गंमत गमतीच्या ठिकाणी. काळुराम खरा असला, तर ती इतकी वर्षं थोरलीची बदली म्हणून नांदली. बाजार उठताना शेवटची उरलेली वांगी कुणीतरी घेऊन जातं, तशी. आणि भिवा खरा असला, तर ती निवडून आणलेली होती. आता भिवा तर गेला. विचारायचं कुणाला?

भिवाची गोष्ट अशी होती. लग्नाआधी तो डोक्यावर मिठाचं ओझं घेऊन येऊरच्या पाड्यांवर जायचा. वारल्यांना मीठ द्यायचं आणि बदल्यात मध, नाचणी, कारवीच्या काठ्या आणायच्या. एकदा हौसेने पार डोंगराच्या धारेवर, माथ्यावर चढला. तिथे एक सपाट कातळ आहे, त्यावर बसून त्याने भाकर सोडली. मागे बघितलं तर दर्या. पुढे बघितलं तर खाली बाळकुमचं आगर, मिठाची पांढरीफेक रास, आणि राशीवर मुंग्यांसारख्या बाया. "त्या मुंग्यांत एक मुंगी माजी होती," भिवा सांगायचा. आवडा तेव्हा खाडीपलीकडच्या दिवा गावची पोर, थोरल्या शकूबरोबर मिठाच्या दिवसांत बाळकुमला मामाकडे कामाला आलेली. भिवा खाली उतरला, ती मुंगी कोण ते बघून आला आणि बापाला म्हणाला, करीन तर हीच. बापाने थोरलीचं नाव काढलं ते आपल्या अकलेने, असं भिवाचं म्हणणं.

"एवड्या बायांत मनाच कशी वळखलीस?" आवडा विचारायची.

"वळखली."

"अरे पन कशी?"

"वर गेल्याबिगर नाय समजायचं तुला. नेईन एक दिवस." असं म्हणून तो मिशीत हसायचा. तो एक दिवस काही उगवला नाही. कधी पाऊस, कधी बाळंतपण, कधी आगरातल्या कोंड्यांचं काम. आणि मग भिवाच तापाने गेला.

आवडाबाईला या गोष्टीवर विश्वास बसायला जड जायचं, त्याला कारण होतं. ती डावरी. सगळं जग उजव्या हाताने करतं ते ही डाव्या हाताने करायची. डाव्या हाताने वाढू नये, डाव्या हाताने देऊ नये, म्हणून आईने लहानपणी तिचा हात पदराने बांधून ठेवलेला. चुलीपुरता हात सुधारला. आगरात नाही सुधारला. आता मिठाची रास रचायची एक रीत असते. कोंडीतून, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या वाफ्यातून, ओढलेलं मीठ पाटीत भरायचं, पाटी डोक्यावर घ्यायची, आणि बायकांची रांग राशीला वळसे घालत वर चढते. रास उजव्या अंगाला ठेवायची, उजव्या हाताने पाटी कलती करून मीठ ओतायचं आणि तसंच पुढे फिरून खाली यायचं. देवाची प्रदक्षिणाच म्हणा. पण डावरीची पाटी कलते डावीकडे. तिला रास डाव्या अंगाला लागते. म्हणजे सगळी रांग एका बाजूने फिरणार आणि आवडाबाई समोरून उलटी येणार! धक्के काय, शिव्या काय. "अगं, मिठाला उलटी प्रदक्षणा घालतंस, रास इरगळंल ना!" म्हणून बाया ओरडायच्या. मुकादम बदलले, ओरडणं तेच. गावात तिला आवडा म्हणणारे थोडे, डावरी म्हणणारेच फार. अशा पोरीला कोण कशाला डोंगरावरून पसंत करील, तुम्हीच सांगा.

वर कडी म्हणजे तिची लेक मालन तश्शीच निघाली. एकुलती एक पोर, लग्नाची झालेली, आणि पाटी डावीकडे! एक स्थळ येऊन बघून गेलं ते तिने डाव्या हाताने पाण्याचा तांब्या पुढे केला म्हणून परत फिरलं. तेव्हापासून आवडाबाई पोरीच्या मागे हात धुऊन लागली होती. "सरळ फिर. लोकांसारकी चाल." स्वतःला ऐकावं लागलं ते सगळं ती पोरीला ऐकवायची, आणि आपण कुणाचे शब्द बोलतोय हे तिच्या ध्यानातही यायचं नाही.

माघ लागला. वर्षाचं पहिलं मीठ धरलं आणि आगरात रास चढू लागली. आवडाबाईने ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. पहाटे उठून तांदळाच्या भाकरी थापल्या, सुक्या बोंबलाची चटणी ठेचली, फडक्यात बांधली. पहिल्या मिठाची एक पुडी कमरेला खोचली. मालनला हलवून उठवलं आणि पेटीतलं लाल लुगडं तिच्यासमोर टाकलं.

"आये, हे तर सणाचं!"

"आज हेच नेसून आगरात जा. वरनं तू मना दिसलीस तर तुजा बाप खरा. नाय दिसलीस तर..." तिने लुगड्याची घडी मोडली. "आनि हे बग, आजच्या दिवस तरी सरळ फिर. काळुरामाला बोलायला जागा ठेवू नको."

"मी पन येतंय ना तुज्याबरोबर."

"तू वर आलीस तर मी बगू कुनाला? माजं डोस्कं?"

शेजारणीला सांगितलं, सरपणाला जातंय. शेजारणीने हिच्या अंगावरचं नवं लुगडं बघितलं, भाकरीचं गाठोडं बघितलं, कोयता नाही हे बघितलं आणि हुं म्हणाली. एवढ्यावरून गावात काय काय उठणार ते आवडाबाईला ठाऊक होतं. उठू दे!

खाडीवर धुकं इतकं दाट होतं की माजिवड्याच्या शेतांचे बांध ती पायांनी चाचपत ओलांडत गेली. थंडीने बोटं बधिर. पण छाती अशी धडधडत होती जशी लग्नाच्या दिवशीही धडधडली नव्हती. पन्नाशीला आलेली बाई, गुडघे सकाळचे कुरकुरणारे, आणि आज पाय आपले पुढे पुढे. उभ्या जन्मात ती एकटी कुठे गेलीच नव्हती. विहिरीवर गेली तर चौघी, बाजारात गेली तर सहा जणी, रानात गेली तर अख्खी आळी. आणि आज मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. तिला एकदम जोरात हसू आलं. हसली सुद्धा. एका झाडावरून मोर ओरडून उडाला.

"घाबरलास? मी पन घाबरले," असं त्याला सांगून ती पुढे निघाली.

पायथ्याच्या रानात शिरल्यावर मात्र हसू आटपलं. येऊरला वाघ आहे हे शेंबडं पोरही सांगेल. साहेब लोक बंदुका घेऊन येतात ते काय ससे मारायला? आवडाबाईने ऐकलं होतं, वाघाला आवाज आवडत नाही. मग तिने गायला सुरुवात केली. लग्नात हळदीला गातात त्या चालीवर, शब्द मात्र मनाचे. वाघोबा, तुज्या लग्नाला येईन रे, मीठ घालून भात शिजवीन रे, पन आज मना जाऊ दे रे. गळा असा काढला की वाघ असलाच तर कान झाकून घोडबंदरपर्यंत पळाला असेल.

अर्ध्या चढावर वारल्यांचा पाडा लागला. कुडाच्या झोपडीसमोर एक म्हातारी शेकत बसली होती. ती कधीची गाणं ऐकत होती बहुतेक, कारण आवडाबाई दिसताच तिने तोंडाला हात लावला. आवडाबाईने कमरेची पुडी सोडली आणि मूठभर पहिलं मीठ तिच्या ओंजळीत घातलं. म्हातारीने चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, मान हलवली.

"धारेवर बसायचा कातळ हाय ना गो, तो कुठं?" आवडाबाईने विचारलं.

"ती सावर दिसते, लाल फुलांची? तिच्या अंगानं वर. तिथं काय ठेवलंय तुझं?"

"ठेवलंय का नाय, तेच बगायला चाललंय."

म्हातारीला काय कळायचं ते कळलं. तिने उठून एक काठी आणून दिली.

सावरीच्या पुढे खरी परीक्षा होती. वाळलेलं गवत पायाखालून सरसर निसटत होतं. दोन पाऊल वर गेलं की एक पाऊल खाली. कारवीचे सांगाडे हाताला ओरखडत होते. एका ठिकाणी उभा दगड आडवा आला. त्याला धरायला खोबण होती ती डाव्या बाजूला, आणि उजव्या हाताच्या माणसाला तिथे चांगलीच कसरत पडली असती. आवडाबाईने डावा हात घातला, काठी दातांत धरली आणि चढली. चढल्यावर मागे बघून त्या दगडाला म्हणाली, "हात बांधून ठेवायला निगालेली माजी आय!" वरच्या फांदीवर वानरांची टोळी बसली होती. त्यांनी हा तमाशा शेवटपर्यंत बघितला.

आणि मग चढ संपला. असा एकाएकी की तिचा पुढचा पाय वर उचललेला तसाच राहिला. समोर आभाळ आणि जोराचा वारा. पदर उडाला, तो तिने धरला नाही. धार दोन्हीकडे लांबवर गेलेली, आणि मधोमध, भिवाने सांगितला होता तस्साच, सपाट काळा कातळ.

तिने आधी धारेपलीकडे बघितलं. मावळतीला रान, रानापलीकडे टेकड्या, टेकड्यांपलीकडे पुन्हा रान, आणि त्याच्याही पलीकडे, आभाळ जिथे टेकतं तिथे, एक लांबच लांब चकाकणारी पट्टी. ती हलत नव्हती, पण चकाकत होती. खाडीकाठी जन्म गेलेली बाई ती, पाणी कसं ओळखणार नाही?

"दर्या!" ती ओरडली. "अगो बाय, दर्या! काळुरामा, तुज्या तोंडात माती, दर्या हाय!"

आनंदाने तिने कातळावर हात आपटले. एक थाप खरी निघाली होती. आता दुसरी. एवढा डोंगर चढताना जी भीती वाटली नाही ती पाठ फिरवून खाली बघायची वाटली. तिने डोळे मिटले, वळली, कातळावर मांडी घातली आणि डोळे उघडले.

धुकं उठलं होतं. खाडी ऊन पिऊन पसरलेली. पलीकडे पारसिकचा डोंगर, त्याच्या मागे दूर मलंगडाचा सुळका. ठाण्याच्या पुलावरून आगीनगाडी धुराची शेपटी ओढत कल्याणकडे निघाली होती, आणि इथून ती एवढीशी दिसत होती की पोराने दोरीने ओढावी. दिव्याची झाडी दिसली, तिचं माहेर. आणि पायथ्यापलीकडे, शेतांच्या पुढे, बाळकुमचं आगर. चौकोनी चौकोनी कोंड्या, आणि त्यांच्यामध्ये मिठाची रास. पांढरी, लखलखीत. हिच्या हाताची रास!

आवडाबाईला जवळची सुई ओवता येत नव्हती, पण लांबचं अजून चोख दिसायचं. राशीवर बाया दिसल्या. भिवाने सांगितल्या तशाच, मुंग्या. काळ्या मुंग्या. तिने लाल शोधली. डोळ्यांवर हाताची पन्हळ धरून शोधली. उभी राहून शोधली, वाकून शोधली. लाल कुठली नि हिरवी कुठली? एवढ्या लांबून सगळ्या लुगड्यांचा रंग एकच, काळा. सणाचं लुगडं नेसलेली तिची पोटची पोर त्यांत होती, आणि आईला ती ओळखू येत नव्हती.

मटकन बसली ती.

"थापाड्या!" वाऱ्यावर ती भिवाशी बोलायला लागली. "दर्याचं खरं सांगितलंस नि त्याच्या आडोशाला माजं खोटं खपवलंस! मना कशाला फसवायची? शकूच्या जागी आलेली म्हनून सांगितलं असतंस तर मी नांदले नसते? तसंच राबले असते, तसंच भांडले असते. कशाला उगाच निवडलेली बोललास?"

डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच राग आला. काळुराम जिंकला. बरं, रडून उपाशी थोडंच राहायचं? तिने फडकं सोडलं. इथे बघायला कोणी नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हाताने भाकरी मोडली आणि डाव्या हाताने घास घेतला. बोंबलाची चटणी झक्क झाली होती. खाता खाता नजर आपली खाली, रिकामी, काही न शोधणारी. मुंग्या राशीला फिरत होत्या. रास उजवीकडे, पाटी रिकामी, खाली. रास उजवीकडे, पाटी रिकामी, खाली.

आणि एक मुंगी उलटी जात होती.

आवडाबाईचा घास तोंडातच राहिला. सगळी माळ एका बाजूने फिरतेय, आणि हा एक ठिपका समोरून येतोय. मुंग्या त्याच्यासाठी बाजूला होतायत, परत रांगेत लागतायत. ठिपका वर चढला, क्षणभर थांबला, खाली उतरला, आणि पुन्हा उलटा वर. पांढऱ्या राशीवर दुसरं काही म्हणता काही दिसेना, तेवढा एक ठिपका मात्र डोळ्यांत भरला. डोळे मिटून उघडले तरी पहिला तोच दिसे. धार सोडून अजून मैलभर मागे गेलं असतं तरी तोच दिसला असता.

"मालन!" ती किंचाळली. "माजी मालन! ती बग, ती बग रं, डावरी!"

आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडला मात्र, तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला भिवाचं ते मिशीतलं हसू आठवलं. एवढ्या बायांत मनाच कशी वळखलीस? वळखली. अशी ओळखली होती! इथे बसून, याच कातळावर, भाकरी खाता खाता. सगळं गाव, तिची आई, मुकादम, सोबतीच्या बाया, सगळे तिला जन्मभर डावरी म्हणाले. भिवाच्या तोंडून तो शब्द कधी म्हणजे कधी आला नव्हता. सांगायचं तर तोच शब्द वापरावा लागला असता, आणि तो वापरायचा नाही म्हणून हा बाबा गावाकडून थापाड्या म्हणवून घेऊन गेला.

"अरे मेल्या," ती म्हणाली, आणि मग हसू की रडू तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. पदराचं टोक धरून त्या कातळावर तिने फेर धरला, मंगळागौरीच्या पोरीसारखा, गुडघे कुरकुरले तर कुरकुरू देत. फेर अर्थातच उलटा होता. उरलेलं पहिलं मीठ तिने कातळाच्या मधोमध ठेवलं, भिवाच्या नावाने. आणि तिला एकाएकी सुचलं की सकाळी पोरीला काय बजावून आलो आपण. सरळ फिर! पोरीने आज आईचं ऐकलं असतं तर? गाठोडं आवळून ती जी उतरायला लागली ती पाड्यावर म्हातारीला काठी परत देण्यापुरतीच थांबली.

उन्हं कलती झाली तेव्हा ती आगरात पोचली. लुगड्याला कुसळं, हातापायांवर ओरखडे, केसांत गवत. बाया पाट्या घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या. काळुराम राशीच्या पायथ्याशी कमरेवर हात ठेवून उभा होता.

"काय वहिनी, सरपन कुठाय? की दर्या बगून आलीस?"

"बगून आले. तिथंच हाय, जाऊन बग. तुजं पोट चढू देत असंल तर." बाया फिस्सकन हसल्या. "आनि काळुरामा, मागनी शकूची घातली ती तुमी. भिवानं मनाच मागितली. कसं ते मी बगून आले. तुला सांगायची नाय."

काळुराम बायांकडे वळला आणि "हसताय काय, पाट्या उचला!" म्हणून ओरडला.

राशीवरून मालन धावत खाली आली. लाल लुगड्यावर मिठाचे पांढरे डाग, सणाचं लुगडं पार गेलं कामातून. आईचा चेहरा नीट न बघताच ती बोलायला लागली. "आये, रागावू नको. सकाळी फिरलेले सरळ, खरंच फिरलेले. पन दोनदा मीठ बाहेर सांडलं नि काळुकाका ओरडला, मग मी परत... उद्यापासून नाय फिरनार उलटी. शप्पत."

आवडाबाईने पोरीचा डावा हात हातात घेतला. मिठाने चिरा पडलेला, गरम हात. तिने तो आपल्या गालाला लावला, सगळ्या बायांच्या देखत. मग खालची एक रिकामी पाटी उचलली, भरून घेतली, डोक्यावर चढवली आणि रांगेच्या समोरून, रास डाव्या अंगाला धरून, चढायला लागली.

"तशीच फिर गो," मागे वळून ती लेकीला म्हणाली. "वर कोनतरी भाकर सोडून बसला असंल. त्याला दिसायला नको?"